३८४ वरून १५३६ वेलवर जाताना पी६५ ची इमेजिंग चाचणी ढासळते आहे

केंद्रकवेडा (प्रश्न)

यू२ओएस (मानवी हाडाच्या कर्करोगाच्या) पेशींमध्ये टीएनएफ-अल्फा हे दाह चेतवणारे प्रथिन दिल्यावर एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाचा पी६५ घटक पेशीद्रवातून केंद्रकात किती सरकतो, हे अँटिबॉडी लावून मोजायची चाचणी आहे. ३८४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये ती नीट चालते. संग्रहात रोधक म्हणून तपासायची सुमारे ४०,००० संयुगे आहेत, म्हणून १५३६ वर उतरायचे ठरले. उतरलो आणि झेड-प्राइम (टीएनएफसह आणि टीएनएफशिवायच्या वेल्स किती स्वच्छ वेगळ्या पडतात त्याचा आकडा, १ च्या जेवढा जवळ तेवढा चांगला) ०.५० वरून ०.१७ वर आला.

३८४ ची पद्धत अशी. ३.३ मिमी बाजूच्या चौकोनी वेलमध्ये ४० मायक्रोलिटर मीडियममधून २,००० पेशी, रात्रभर ३७ अंशांवर. संयुग १ तास, मग टीएनएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिलि, ३० मिनिटे. पीएफएने (पॅराफॉर्माल्डिहाइडने) फिक्स, तीन वॉश, ट्रायटन (पेशीपटलाला छिद्रे पाडणारे डिटर्जंट) आणि बीएसए (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारे प्रथिन), पी६५ ला चिकटणारी पहिली अँटिबॉडी १:५०० ची २० मायक्रोलिटर, वॉश, दुसरी अँटिबॉडी (अॅलेक्सा ४८८ हा चमकता रंग लावलेली, पहिलीला चिकटणारी) आणि होख्स्ट (केंद्रक रंगवायला), वॉश. २०एक्स भिंगाने चार फील्ड (वेलमधल्या चार जागांची चित्रे). वॉशर १० मायक्रोलिटर मागे ठेवतो आणि ९० पर्यंत भरतो.

१५३६ मध्ये ५ मायक्रोलिटरमधून ४०० पेशी. संयुग घालायची वेळ सोडली तर बाकी क्रम तोच, अँटिबॉडी ४ मायक्रोलिटर. वॉशर ३ मायक्रोलिटर मागे ठेवतो आणि ९ पर्यंत भरतो, तीनदा. १०एक्सने एक फील्ड, २×२ बिनिंग (चार पिक्सेलांचा एक करून). कंट्रोल (तुलनेसाठी टीएनएफसह आणि टीएनएफशिवायच्या वेल्स) १, २, ४७ आणि ४८ या रकान्यांत.

केंद्रक-पेशीद्रव गुणोत्तर: ३८४ मध्ये टीएनएफसह २.४ (प्रमाण विचलन ०.१५), टीएनएफशिवाय ०.९ (०.१०). १५३६ मध्ये १.८८ (०.१७) आणि ०.९४ (०.०९). शिवाय कडेच्या वेल्समध्ये पेशी कमी दिसतात, आणि काही प्लेट्सवर सलग चार आडव्या ओळींचा फिकट पट्टा उमटतो.

हाताशी आहे ते: आठ नळ्यांचा पेरिस्टाल्टिक डिस्पेन्सर (दोन नग), ध्वनिलहरींवर चालणारा नॅनोलिटर डिस्पेन्सर, १५३६ चा शोषून घेणारा वॉशर, वाइडफील्ड इमेजर (२०४८×२०४८ कॅमेरा, ६.५ मायक्रॉनचा पिक्सेल) आणि प्लेट बसणारा झुलत्या बकेटचा सेंट्रिफ्यूज. नेमके कुठे हात घालू?

---

पिक्सेलपंत

तुमच्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. प्रमाण विचलन जवळपास जागेवर आहे, आटली आहे ती खिडकी. दोन सरासरींतले अंतर १.५ होते, ते ०.९४ झाले. ३८४ चीच विचलने या आटलेल्या खिडकीत घालून पाहा: १ − ३×(०.१५+०.१०)/०.९४ = ०.२०. म्हणजे कडा, पट्टे वगैरे सगळे उद्या सुधारले तरी झेड-प्राइम ०.२० च्या आसपासच अडकेल. आधी खिडकी उघडा.

खिडकी आटायचे पहिले कारण पार्श्वभूमी. गुणोत्तर काढताना पार्श्वभूमी वजा केली नसेल तर ती अंशात आणि छेदात सारखीच मिसळते आणि गुणोत्तर १ कडे ओढते. समजा केंद्रक १,२०० आणि पेशीद्रव ५००, म्हणजे २.४. दोन्हींत ३०० मिळवा: १,५००/८०० = १.८८. टीएनएफ नसताना ४५०/५०० = ०.९, तेच ७५०/८०० = ०.९४. तुमचे १५३६ चे दोन्ही आकडे हुबेहूब असे आहेत. आपल्याकडे ३०० च असेल असे नाही, पण पेशीद्रवाच्या चमकेच्या ६० टक्के इतकी जादा पार्श्वभूमी कुठून तरी आली आहे, एवढे नक्की.

खात्री करायला प्रत्येक प्लेटवर आठ वेल्समध्ये पेशी, टीएनएफ, दुसरी अँटिबॉडी सगळे घाला, फक्त पहिली अँटिबॉडी वगळा. त्यांची पेशीद्रवातली सरासरी चमक हीच तुमची खरी पार्श्वभूमी. चित्रातला सर्वांत काळा पिक्सेल घेऊन वजाबाकी करू नका. पेशी दाट असल्या की तो काळा पिक्सेलही कुणाच्या तरी पेशीद्रवातच असतो.

दुसरे कारण बिनिंग. १०एक्सवर तुमचा पिक्सेल ०.६५ मायक्रॉनचा, २×२ बिनिंग केल्यावर १.३ चा. पेशीद्रव मोजायला केंद्रकाभोवती जे कडे काढता ते दोन पिक्सेल रुंद धरले तर २.६ मायक्रॉन झाले, आणि त्यातला आतला पिक्सेल अर्धा केंद्रकावरच बसतो. वाइडफील्डमध्ये केंद्रकाचा फोकसबाहेरचा प्रकाशही त्या कड्यात सांडतो. टीएनएफवाल्या पेशींत कडे खोटे उजळते आणि गुणोत्तर खाली येते. बिनिंग काढून टाका. केंद्रकाच्या सीमेबाहेर दोन पिक्सेल मोकळे सोडा आणि मग चार-पाच पिक्सेलांचे कडे घ्या. एक्सपोजर वाढेल, त्याला इलाज नाही.

१०एक्स की २०एक्स हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून हिशेब आत्ताच मांडतो. सेन्सरची बाजू २०४८×६.५ = १३.३ मिमी. १०एक्सवर फील्ड १.३३ मिमी, म्हणजे १.५ मिमीच्या वेलचा जवळपास सगळा तळ. २०एक्सवर ०.६७ मिमी, तळाचा पाचवा हिस्सा. ४०० पेशी २.२५ चौरस मिमीवर पसरल्या तर चौरस मिमीला १७८. १०एक्सच्या एका फील्डमध्ये ३१५ पेशी मिळतात, २०एक्सच्या एका फील्डमध्ये ८० च. (तुमच्या ३८४ मध्येही घनता १८४ होती. २,००० वरून ४०० वर येणे बरोबरच आहे, पेशींच्या संख्येत हात घालू नका.)

फक्त १०एक्सचे भिंग ०.४५ एनएचे (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते तो आकडा) घ्या, ०.३ चे नको. ५२० नॅनोमीटरला ०.४५ ची विभेदनक्षमता ०.७० मायक्रॉन येते, ०.३ ची १.०६. प्रकाश गोळा करण्याची ताकद तर एनएच्या वर्गाने वाढते.

आणि एक. जवळपास अख्खी वेल एकाच फील्डमध्ये घेताना फील्ड जरा सरकले तरी भिंतीची चमक चित्रात येते. भिंतीपासून ५० मायक्रॉनच्या आतल्या पेशी गणनेतून वगळा आणि फ्लॅट-फील्ड दुरुस्ती (फील्डभर प्रकाश सारखा करणारी) चालू ठेवा.

---

थेंबमाप

पिक्सेलपंतांनी पार्श्वभूमीकडे बोट दाखवले, ती येते कुठून ते मी सांगतो. वॉशमधून.

३८४ मध्ये १० मागे ठेवून ९० पर्यंत भरता, म्हणजे एका फेरीत ९ पट सौम्य. तीन फेऱ्यांत ९×९×९ = ७२९ पट. १५३६ मध्ये ३ मागे ठेवून ९ पर्यंत, म्हणजे ३ पट. तीन फेऱ्यांत २७ पट. दुसरी अँटिबॉडी ७२९ ऐवजी २७ पटच धुतली जाते आहे. प्रोटोकॉलच्या कागदावर दोन्हीकडे 'तीन वॉश' असेच लिहिलेले असते, हीच गोम आहे.

दुसरीकडूनही मार बसतो. ३ मायक्रोलिटर उरलेल्या वेलमध्ये ४ मायक्रोलिटर अँटिबॉडी घातली की १:५०० ची १:८७५ होते. खरा सिग्नल उतरतो आणि खोटा चढतो.

फेऱ्या वाढवून २७ वरून ७२९ ला पोचायला सहा वॉश लागतील, प्रत्येक अँटिबॉडीनंतर सहा. शोषणाऱ्या सुया १५३६ मध्ये तळाच्या इतक्या जवळ जातात की दर फेरीला वेलच्या एका कोपऱ्यातल्या पेशी थोड्या थोड्या उपटल्या जातात. सुया आणखी खाली नेऊन ३ चे १ करायचा मोह होईल. नका करू. प्लेटच्या तळाचा बाक एवढा असतो की मधल्या वेल्समध्ये सुई टेकेल आणि कडेला अधांतरी राहील.

इलाज आहे सेंट्रिफ्यूजमध्ये प्लेट उलटी ठेवून रिकामी करणे. यासाठी तयार यंत्रेही मिळतात, पण तुमच्या झुलत्या बकेटवर भागते. बकेटमध्ये उथळ ट्रे, त्यात धागे न सुटणारा शोषक कागद, त्यावर प्लेट पालथी. १५३६ च्या वेलमधले द्रव पृष्ठताण धरून ठेवतो, हाताने झटकून ते पडत नाही. ३० जीवर (गुरुत्वाच्या ३० पट) ३० सेकंदांपासून सुरू करा आणि वजन करून ठरवा. कोरडी प्लेट तोला, भरून उलटी फिरवल्यावर पुन्हा तोला, फरकाला १,५३६ ने भागा. फरक ०.७७ ग्रॅम आला तर वेलमागे ०.५ मायक्रोलिटर उरले. तिथपर्यंत पोचलात की ८ मायक्रोलिटर घालणारी एक फेरी १७ पट धुते आणि दोन फेऱ्या २८९ पट. अँटिबॉडी १:५०० ची जेमतेम १:५६३ होते.

काही पथ्ये. हे फक्त फिक्स झालेल्या पेशींवर करायचे, जिवंत यू२ओएसवर नाही. म्हणून फिक्स होईपर्यंत वेलमधून काहीच काढायचे नाही, नुसते वरून घालत जायचे:

५ मायक्रोलिटर पेशी. टीएनएफ सहापट तीव्रतेने, १२० नॅनोग्रॅम प्रति मिलि, १ मायक्रोलिटर. एकूण ६, तीव्रता २०. मग १२ टक्के पीएफए ३ मायक्रोलिटर. एकूण ९, पीएफए ४ टक्के. १५ मिनिटे, खोलीच्या तापमानाला.

१२ टक्के करायची सोपी रीत म्हणजे १६ टक्क्यांच्या मिथेनॉलविरहित अँप्यूलचे तीन भाग आणि चौपट तीव्र पीबीएसचा (क्षारांच्या बफरचा) एक भाग. पीबीएस आपोआप एकपट होते. प्लेटमागे ४.६ मिलि आणि नळ्यांतले मृत आकारमान (आत अडकून राहणारे द्रव) वेगळे. पीएफएसाठी वेगळी कॅसेट (नळ्यांचा संच) ठेवा, काम झाल्याबरोबर पाण्याने आणि मग ७० टक्के इथेनॉलने धुवा, नाहीतर टोकांत पांढरा थर धरतो. डिस्पेन्सर फ्यूम हूडमध्ये हवा, हे सांगायला नकोच.

ट्रायटनच्या पायरीला ६ मायक्रोलिटरच्या वर जाऊ नका. डिटर्जंटने पृष्ठताण उतरतो, द्रव भिंतीवर चढते आणि दोन वेल्समधल्या अरुंद कठड्यावरून शेजारी झिरपते. ०.१ टक्का ट्रायटन आणि १ टक्का बीएसए एकाच द्रावणात घालून २० मिनिटे ठेवले की पारगम्यता आणि ब्लॉकिंग एकत्र होते, एक रिकामे करणे वाचते.

रिकामी केलेली प्लेट एक मिनिटाच्या आत पुन्हा भरलीच पाहिजे. अर्धा मायक्रोलिटर सुकायला वेळ लागत नाही. सुकलेल्या पेशी अँटिबॉडी कशीही धरून ठेवतात आणि काजव्यांसारख्या चमकतात. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तर डिस्पेन्सर आधी प्राइम करून (नळ्या द्रवाने भरून) तयार ठेवा, मगच सेंट्रिफ्यूज थांबवा.

---

कडेवरची वेल

खिडकीचे तुमचे चालू द्या, मी कडांचे बोलते.

कंट्रोल १, २, ४७ आणि ४८ या रकान्यांत ठेवले आहेत. म्हणजे प्लेटवरच्या सर्वांत वाईट जागी. झेड-प्राइम सगळा याच वेल्सवरून निघतो, त्यामुळे तो प्लेटचा नसून कडेचा झेड-प्राइम आहे. कंट्रोल ३, ४, ४५ आणि ४६ मध्ये घ्या, प्रत्येक रकान्यात आलटून पालटून टीएनएफसह आणि टीएनएफशिवाय. १२८ वेल्स कंट्रोलला, १,४०८ संयुगांना. १२८ मधल्या काहींत टीपीसीए-१ सारखा आयकेके-२ चा (पी६५ ला मोकळे करणाऱ्या एन्झाइमचा) रोधक ५ मायक्रोमोलर ठेवा. टीएनएफ न घातलेली वेल 'पूर्ण रोध' दाखवते हे ठीक, पण औषधाने रोध झालेली वेल कशी दिसते ते तिच्यावरून कळत नाही.

कडेला पेशी कमी दिसण्याची कारणे दोन आणि ती वेगळी ओळखता येतात. पेशी वेलच्या एका बाजूला चंद्रकोरीसारख्या गोळा झाल्या असतील तर ते तापमानाचे काम. गार प्लेट थेट ३७ अंशांत ठेवली की कडा आधी तापतात, वेलमध्ये प्रवाह सुरू होतो आणि न चिकटलेल्या पेशी वाहून जातात. पेशी घातल्यावर प्लेट सपाट ओट्यावर, एकेकटी, खोलीच्या तापमानाला ४५ ते ६० मिनिटे राहू द्या आणि मग इन्क्युबेटरमध्ये ठेवा. फुकटचा उपाय आहे आणि पुष्कळ फरक पडतो.

पेशी सगळीकडे सारख्या पसरल्या आहेत पण एकूणच कमी, केंद्रके आक्रसलेली, असे असेल तर बाष्पीभवन. ५ मायक्रोलिटरमधले अर्धे मायक्रोलिटर गेले की मीडियमची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता) ३०० वरून ३३३ वर जाते. प्लेट संध्याकाळी आणि सकाळी तोला. सुरुवातीला द्रव ७.६८ ग्रॅम असते. ०.४ ग्रॅम घट म्हणजे सरासरी ५ टक्के, आणि कडेला त्याहून बरीच जास्त. साध्या पॉलिस्टायरिनच्या झाकणावर १५३६ चालवू नका. रबरी गॅस्केट असलेले स्टीलचे झाकण, किंवा ओलावा धरून ठेवणारे झाकण घ्या. प्लेट्स एकावर एक रचू नका. इन्क्युबेटरचे पाणी रोज पाहा आणि पंख्याच्या थेट झोतात प्लेट ठेवू नका.

बाहेरची दोन वर्तुळे नुसत्या मीडियमने भरून सोडायचा सल्ला ३८४ वाल्यांकडून हमखास येईल. १५३६ मध्ये दोन वर्तुळे सोडली तर ३२×४८ मधले २८×४४ = १,२३२ उरतात, ३०४ वेल्स गेल्या. सोडायचेच तर एक वर्तुळ सोडा, १,३८० उरतात, आणि झाकणावर पैसे घाला.

पेशी घालून झाल्यावर ५० जीवर एक मिनिट प्लेट सरळ फिरवा. तळाशी अडकलेले बुडबुडे निघतात. बुडबुडा राहिला तर लेझर ऑटोफोकसही फसतो: प्लॅस्टिक-द्रव सीमेच्या मंद परावर्तनाच्या जागी प्लॅस्टिक-हवा सीमेचे झगझगीत परावर्तन येते आणि यंत्र भलत्याच पातळीवर थांबते. अशी अंधुक वेल सॉफ्टवेअरला 'पेशी मेल्या' अशी दिसते.

---

केंद्रकवेडा

पहिली अँटिबॉडी वगळून प्लेट केली. पार्श्वभूमी खरोखरच पेशीद्रवाच्या चमकेच्या निम्म्याहून जास्त आहे. उलटे फिरवून रिकामे करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या: चार ओळींचा पट्टा, आणि संयुग कधी घालायचे. आत्ता आम्ही संयुगे आधी कोरड्या प्लेटवर टाकून त्यावर पेशी घालतो, म्हणजे रात्रभर संपर्क. ३८४ मध्ये फक्त १ तास होता.

---

थेंबमाप

पट्टा म्हणजे एका नळीचे टोक. आठ टोकांमधले अंतर ९ मिमी, १५३६ च्या वेल्समधले २.२५. म्हणून एक टोक सलग चार ओळी भरते: पहिले ए ते डी, दुसरे ई ते एच, असे आठवे एसी ते एएफ. पट्टा कोणत्या चार ओळींत आहे ते पाहा, टोक कितवे ते कळेल. (३८४ मध्ये हाच दोष दोन ओळींत दिसतो, तिथे तो नजरेतून सुटतो.) पट्ट्याऐवजी एकाआड एक रकाना आणि एकाआड एक ओळ अशी जाळी दिसली तर दोष डिस्पेन्सरचा नाही, संयुगांच्या चार ३८४ मूळ प्लेट्सपैकी एकीचा आहे.

टोक बहुतेक वेळा पेशींच्या गुठळ्यांनी तुंबते. ट्रिप्सिननंतर पेशी ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. घनता ८०,००० प्रति मिलि हवी, ५ मायक्रोलिटरला ४०० पडतात. भांडे हळू फिरणाऱ्या चुंबकीय ढवळणीवर ठेवा. नळीत पडून राहिलेल्या पेशी काही मिनिटांत खाली बसतात, म्हणून दोन प्लेट्समध्ये थांबलात तर नळ्या उलट दिशेने भांड्यात रिकाम्या करून पुन्हा प्राइम करा. टोके तपासायला फ्लुओरेसिन घातलेल्या बफरची एक प्लेट भरा आणि प्लेट रीडरवर वाचा. टोकानुसार सरासरी काढा, एकूण सीव्ही (सरासरीच्या टक्क्यांत विचलन) ५ टक्क्यांच्या आत हवा. रोज सकाळी.

टीएनएफच्या द्रावणात ०.१ टक्का बीएसए घाला, एवढे कमी प्रथिन नुसत्या बफरमध्ये नळीलाच चिकटते आणि पहिल्या प्लेटला कमी, शेवटच्या प्लेटला पूर्ण डोस मिळतो.

आता संयुग. रात्रभर संपर्क या चाचणीला घातक आहे. १८ तासांत पेशी मारणारे, चिकटू न देणारे, प्रथिननिर्मिती थांबवणारे सगळे 'हिट' म्हणून वर येतील. पेशी आदल्या दिवशी, संयुग दुसऱ्या दिवशी ध्वनिलहरी डिस्पेन्सरने. तिथे लक्ष्य प्लेट पालथी धरली जाते, पण १५३६ मध्ये ५ मायक्रोलिटर मीडियम पृष्ठताणावर टिकते. झाकण काढताना आतला बाष्पाचा थेंब वेलवर पडला नाही ना, तेवढे पाहा. २.५ नॅनोलिटरचे दोन थेंब, म्हणजे १० मिलिमोलर साठ्यातून ५ नॅनोलिटर ५ मायक्रोलिटरमध्ये: १० मायक्रोमोलर, डीएमएसओ (संयुगांचा द्रावक) ०.१ टक्का. टीएनएफ पडल्यावर ते ८.३ होते, नोंदीत ८.३ च लिहा. थेंब वरच्या थराशी मिसळतो, तळापर्यंत पोचणे विसरणावर अवलंबून आहे. २.२ मिमी उंचीच्या द्रवाला त्यासाठी १ तास ठेवा, अर्ध्या तासावर आणू नका. प्लेट हलवून मिश्रण होईल ही आशा सोडा, एवढ्या लहान वेलमध्ये द्रव हलतच नाही.

मूळ प्लेटमधला डीएमएसओ हवेतले पाणी ओढतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी प्लेट यंत्राशेजारी ठेवून चहाला जाऊ नये. पाणी शिरले की थेंबाचा हिशेब बिघडतो आणि काही संयुगे साका धरतात.

---

कडेवरची वेल

वेळेचे एक राहिले. पी६५ केंद्रकात जाऊन तिथेच बसून राहत नाही. आयकप्पाबी-अल्फा (पी६५ ला पेशीद्रवात रोखून धरणारे प्रथिन) नव्याने तयार होते आणि त्याला बाहेर ओढून आणते, शिखर २० ते ३० मिनिटांच्या आसपास असते. म्हणून पहिल्या प्लेटला ३० आणि दहाव्या प्लेटला ४५ मिनिटे मिळाली तर दोन वेगळ्या चाचण्या झाल्या. दर ४ मिनिटांनी एक प्लेट असा ठेका ठेवा. टीएनएफ ०, ४, ८, … २८, ३२ ला, फिक्स ३०, ३४, ३८ ला. फिक्स बरोबर दोन टीएनएफच्या मधल्या फटीत बसते, दोन डिस्पेन्सर आहेत तर एक माणूस सांभाळू शकतो. प्लेट इन्क्युबेटरबाहेर किती सेकंद असते ते प्रत्येकीला सारखे ठेवा. ६ मायक्रोलिटर बघता बघता गार होतात आणि गार पेशींत पी६५ ची हालचाल मंदावते.

---

जमाखर्च

थोडा विरोधी सूर लावतो. ४०,००० संयुगांना १५३६ हवेच का, याचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही.

३८४ मध्ये प्लेटमागे ३५२ संयुगे धरली तर ११४ प्लेट्स. १५३६ मध्ये १,४०८ धरली तर २९. पहिली अँटिबॉडी: ३८४ मध्ये ४३,७७६ वेल्स × २० मायक्रोलिटर = ८७५ मिलि सौम्य द्रावण, १:५०० ने १.७५ मिलि अँटिबॉडी. १५३६ मध्ये ४४,५४४ × ४ = १७८ मिलि, दहा-दहा प्लेट्सच्या तीन खेपांचे मृत आकारमान खेपेला १० मिलि धरून २०८, म्हणजे ०.४२ मिलि. चित्रे: एक चित्र ८.४ एमबी, दोन चॅनेल. ३८४ मध्ये चार फील्ड धरून साधारण २.९ टीबी, १५३६ मध्ये एका फील्डने ०.७५ टीबी.

बचत दिसते, पण ती सगळी १५३६ ची नाही. ३८४ मध्येच अँटिबॉडी १० मायक्रोलिटरवर आणा (तळ झाकायला पुरते, उलटे फिरवून रिकामे केले तर सौम्यही होत नाही), आणि १०एक्सने एकच फील्ड घ्या. अँटिबॉडी निम्मी झाली, डेटा चौथ्या हिश्शावर आला. प्लेट्स ११४ च राहतात, पण दिवसाला १५ केल्या तर आठ दिवसांचे काम. १५३६ बसवायला, झाकणांना, परत प्रमाणित करायला किती आठवडे जातील? एकाच मोहिमेसाठी मी ३८४ वर थांबेन. दोन-तीन लाखांचा संग्रह असेल, किंवा हीच मांडणी पुढे चार चाचण्यांना वापरायची असेल, तर १५३६.

दुसरा मार्ग पी६५-जीएफपीची (पी६५ ला चमकणारे प्रथिन जोडलेली) स्थिर पेशीमालिका. फिक्स आणि होख्स्ट एकत्र घातले की संपले, वॉशच नाही. पण जादा पी६५ बनवणाऱ्या पेशींत आयकप्पाबी अपुरे पडते, टीएनएफ नसतानाही काही पी६५ केंद्रकात दिसतो. कमी व्यक्त करणारा क्लोन निवडावा लागतो आणि हिट्स मूळच्या पी६५ वर अँटिबॉडीने पुन्हा तपासावे लागतात.

---

पिक्सेलपंत

जमाखर्चांच्या एका फील्डच्या मुद्द्याला माझा दुजोरा. एकेका पेशीच्या गुणोत्तरात ३० टक्के फैलाव धरला तर १०० पेशींच्या सरासरीत ३ टक्के चूक, ४०० पेशींच्या सरासरीत १.५. त्याच्या पुढे डिस्पेन्सर आणि वॉशची चूकच मोठी ठरते, फील्ड वाढवून काही हाती लागत नाही. म्हणून पी६५ सारखी, प्रत्येक पेशी उत्तर देते अशी चाचणी १५३६ ला मानवते.

उलट विभाजन पावणाऱ्या पेशी मोजायच्या असतील, आणि त्या ४ टक्के असतील, तर ३०० पेशींत १२ मिळतात. नुसत्या योगायोगाने त्यात ३.५ चा फरक पडतो, म्हणजे २९ टक्के. अशी चाचणी १५३६ वर नेऊच नये, कितीही चांगला वॉश असो.

---

केंद्रकवेडा

या मांडणीवर पुढे दोन चाचण्या आणखी यायच्या आहेत, म्हणून १५३६ वरच राहतो. क्रम असा ठरवला: आधी सेंट्रिफ्यूजचा जी आणि वेळ वजनावरून, मग बिनिंग काढून कंट्रोलची प्लेट, मग स्टीलची झाकणे. संयुगांकडे वळण्यापूर्वी किती प्लेट्स चालवाव्यात?

---

थेंबमाप

तीन वेगवेगळ्या दिवशी, दर दिवशी तीन प्लेट्स. एक सगळी टीएनएफसह, एक सगळी टीएनएफशिवाय, एक बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून पालटून. पहिल्या दोन प्लेट्स पट्टे आणि कडा उघड्या पाडतात, तिसरी शेजारच्या वेलमध्ये झिरपणे दाखवते: पटावरची टीएनएफशिवायची वेल सबंध टीएनएफशिवायच्या प्लेटपेक्षा उजळ आली तर द्रव कठडा ओलांडते आहे, सहसा टीएनएफच्या १ मायक्रोलिटरचा झोत तिरका पडून. शिवाय दर दिवशी टीपीसीए-१ ची दहा मात्रांची वक्ररेषा, ३८४ आणि १५३६ मध्ये शेजारी शेजारी. आयसी५० (निम्मा रोध करणारी मात्रा) तिप्पटीच्या आत जुळला आणि नऊही प्लेट्सवर सीव्ही १० टक्क्यांखाली राहिला, तर संयुगे काढा. डीएमएसओची सहनशक्ती (०.१, ०.२५, ०.५ आणि १ टक्का) यातल्याच एका दिवशी उरकून घ्या. ३८४ चा आकडा इथे गृहीत धरू नका, ५ मायक्रोलिटरमध्ये आधीच थोडे बाष्पीभवन झालेले असते.

आणि प्लेट्स एकाच लॉटच्या मागवा. तळाच्या फिल्मचा बाक लॉटगणिक बदलतो, ऑटोफोकसचा ऑफसेट पुन्हा बसवावा लागतो.